इस्माईलभाईंना दिलेलं पुस्तक

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, कर्जतच्या बहिणीला नाही. देवापुढे बसतो तेव्हाही नाही — खरं म्हणजे तेव्हा तर मुळीच नाही. तेव्हा मी दुसऱ्याच चुकांची माफी मागत असतो. लहानसहान, माफी मागायला सोप्या. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतो आहे. हाही भित्रेपणाच का? असेल.

खालापूरच्या महालकरी कचेरीत मी कारकून होतो. जमिनीची दप्तरं, हद्दींचे तंटे, अर्जांच्या नकला — जन्म त्यात गेला. पण त्या कामासाठी मला कुणी ओळखत नव्हतं. 'वाचणारे दत्तोपंत' म्हणून ओळखत. अजूनही कर्जतच्या बाजारात एखादा जुना माणूस भेटतो आणि विचारतो, "पंत, सध्या काय वाचता?" मी कुठलंतरी नाव सांगतो. तो मान डोलावतो.

दुपारच्या सुट्टीत कचेरीच्या मागच्या पडवीत आम्ही डबे सोडून बसायचो. अव्वल कारकून गणपतराव, मी, आणि थोड्या अंतरावर, आपला डबा वेगळा घेऊन, इस्माईलभाई मुकादम. ते अंतर कुणी आखून दिलं नव्हतं. होतं. जेवणं झाली, हात धुतले, की मात्र सगळे जवळ सरकायचे, कारण मग पुस्तकांच्या गोष्टी निघायच्या. ही चाल गणपतरावांनी पाडली. ज्याला जे पुस्तक आवडलं त्यानं ते बाकीच्यांना सांगायचं. ऐकून ज्याला वाचावंसं वाटेल त्यानं ते घरी न्यायचं. "दिवसभर लोकांच्या जमिनी वाचतो," ते म्हणायचे, "अर्धा तास आपल्यासाठी काही वाचू."

पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे होतं. कर्जतला बहीण दिलेली. एकाआड एक शनिवारी कचेरी सुटली की मी खोपोलीपर्यंत चालत जाई, तिथून गाडीनं कर्जत. तिथं एका सद्गृहस्थांच्या ओसरीवर वाचनालय होतं. दोन कपाटं, एक बाक. तेच त्याचे चिटणीस. तिथून दोन-तीन पुस्तकं रुमालात बांधून मी रविवारी संध्याकाळी परत यायचो.

पहिलं वर्षभर मी ती वाचली. हे तेवढं खरं आहे. मग एकदा एक पुस्तक अर्धंच झालं आणि तरी मी त्याच्याविषयी बोललो — आणि काय सांगू, नेहमीपेक्षा छान बोललो. गणपतराव म्हणाले, "वा!" त्या 'वा'नं माझा घात केला असं म्हणणं सोयीचं आहे. पण त्या 'वा'नं काही केलं नाही. मीच हळूहळू वाचायचं सोडलं. पहिली दहा पानं आणि शेवटची दोन, एवढं पुरतं असं माझ्या ध्यानात आलं. मधलं चिटणीस सांगायचे. त्यांना बोलायची हौस, मला ऐकायची. त्यांचंच बोलणं सोमवारी पडवीत मी माझं म्हणून सांगायचो. हातवारे माझे, आवाज माझा. 'दोनदा वाचलंय,' असंही म्हणायचो. एकदा म्हटलं तर कुणी संशय घेईल, दोनदा म्हटलं तर घेत नाही.

आमच्यात खरं वाचणारे इस्माईलभाई होते. सावकाश वाचायचे, ओळीखाली बोट धरून. आणि मनात नव्हे, मोठ्यानं — घरी, रविवारी दुपारी, बायकोला. हलीमाबीला अक्षर येत नव्हतं. ती तांदूळ निवडत बसायची आणि ऐकायची, आणि पुस्तक संपलं की निकाल द्यायची. तो निकाल इस्माईलभाई आम्हाला आणून सांगायचे. "हलीमा म्हणते, त्या नवऱ्याला जोड्यानं मारायला पायजे." किंवा, "हलीमा म्हणते, लिहिणाराला शेवट सुचला नाय, म्हणून त्यानं पूर आणला." आम्ही हसून लोळायचो. एकदा तिनं माझ्यासाठी प्रश्न पाठवला: ती धाकटी नणंद मधेच कुठं गेली? पुस्तकात परत आलीच नाय. मला कुठली नणंद हेच माहीत नव्हतं. मी हसून म्हणालो, "तेच तर लेखकाचं कसब आहे." इस्माईलभाई ते उत्तर घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हलीमा म्हणते, कसब नाय, विसरला तो."

मला तिची भीती वाटायची का? वाटत असावी. मी तिला तोवर पाहिलंही नव्हतं.

त्यांना एक मूल होतं, याकूब. भिंतीला धरून चालायला लागला होता. शिमग्याच्या सुमाराला गावात गोवर आला. चार-पाच घरांत मुलं आजारी पडली, बरी झाली. याकूब झाला नाही.

इस्माईलभाई आठवड्यानं कामावर आले. डबा आणला नव्हता. नंतरही कितीतरी दिवस आणला नाही. हलीमाबी रडली नाही, असं ते म्हणाले. एक थेंब नाही. घरातली कामं करते, विचारलं तर हो-नाही म्हणते, आणि बसली की बसूनच राहते. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायका त्यांना सांगत होत्या, हिला रडव, काही करून रडव, नाहीतर दुःख डोक्यात जाईल. इस्माईलभाईंना ते पटत नव्हतं.

"मला तिला रडवायची नाय, पंत," ते मला म्हणाले. पडवीत आम्ही दोघंच होतो. "तुमी इतकं वाचता. असं एखादं पुस्तक द्या, ऐकून तिला जरा हसू येईल. फक्त एक बघा. पोराबाळाचं काय वाईट नको त्यात. तेवढं बघा."

तेवढं बघा. दुसरं काही मागितलं नव्हतं त्यांनी.

त्या शनिवारी मी कर्जतला गेलो तर चिटणीस तापानं झोपलेले. सुनेनं कपाटाची किल्ली दिली. मी एक निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी काढली. नाव सांगत नाही, पुस्तकाचा त्यात काही दोष नव्हता. बाकावर बसून पहिली दहा पानं वाचली: दोन जावांचं लोणच्याच्या बरणीवरून भांडण. फारच गमतीचं. मी एकटाच हसलो. मग शेवटची दोन पानं: लग्न, जेवणावळ, रुसवे निघालेले. बास, म्हटलं, हेच. गणपतरावांसाठी एक हिरव्या पुठ्ठ्याचं घेतलं — एका विसरभोळ्या वैद्याच्या गमती — तेही तसंच, वरवर चाळून.

मधलं वाचायला वेळ नव्हता का? होता. रविवारचा अख्खा दिवस होता. मेहुण्यांकडे पाहुणे आले होते, आम्ही पत्ते खेळलो.

सोमवारी मला महालकरी साहेबांबरोबर फिरतीवर जायचं होतं, बाहेर गाडी उभी होती. मी रुमाल गणपतरावांच्या टेबलावर ठेवला आणि दारातूनच म्हणालो, "निळं इस्माईलभाईंचं, हिरवं गणपतरावांचं." इस्माईलभाई लगबगीनं माझ्यामागे आले. "पंत, आधी मी एकदा वाचून घेऊ का? हल्ली जरा भ्या वाटतं."

मी म्हणालो, "काही गरज नाही. मी दोनदा वाचलंय. हसून हसून पोट दुखेल. मी आहे ना!"

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं — सुटका म्हणतात ना, ते. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्या डोक्यावरचं ओझं घेतलं होतं.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी पुस्तक उघडलं. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलेलं आहे. बरणीच्या भांडणावर हलीमाबी हसली. मोठ्यानं नाही, पण हसली. त्यांनी पाहिलं. मग ते वाचत गेले, भराभर, कारण ती ऐकत होती. शंभरेक पानांवर त्या धाकट्या जावेच्या मुलाला ताप येतो. इस्माईलभाईंना वाटलं, उतरेल. पंत म्हणालेत, मग उतरणारच. मोठ्यानं वाचताना पुढच्या ओळीत काय आहे ते माणसाला कळत नाही, तोंड मनाच्या पुढे असतं. त्यांच्या तोंडून वाक्य निघून गेलं — आईनं तळवा धरला, तर तो गार लागला — आणि मग त्यांना कळलं आपण काय वाचलं.

हलीमाबीनं हातातलं सूप खाली टाकलं. तांदूळ सगळीकडे पसरले. ती उठली आणि डोक्यावर पदरही न घेता भर उन्हात बाहेर गेली. त्यांना वाटलं शेजारी गेली. बराच वेळ आली नाही तेव्हा ते शोधत निघाले. पाताळगंगेकडच्या वाटेवर एक कातकरीण भेटली, डोक्यावर मोळी. ती म्हणाली, "तुमची बाय तिकडं कबरीपाशी बसली हाय. मी हाका मारल्या, उठत नाय." त्या बाईनंच मग मोळी टाकून हलीमाबीला एका बाजूनं धरलं आणि दोघांनी तिला घरी आणलं.

घरी आल्यावर ती बोलली. "तुमी त्या म्हाताऱ्यांचं ऐकलंत," ती म्हणाली. "मला रडवायला मुद्दाम वाचलंत."

हे सगळं इस्माईलभाईंनी सोमवारी सकाळी मला सांगितलं. कचेरी भरायची होती. गणपतराव आपल्या जागेवर दौत भरत बसले होते. इस्माईलभाई उभ्यानंच बोलले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. शेवटी त्यांनी विचारलं, "पंत, ते पुस्तक तुमी वाचलं होतं ना?"

'नाही' — एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? गणपतरावांनी मला दोन शब्द सुनावले असते. पडवीत हसं झालं असतं. वाचणारे दत्तोपंत संपले असते. आणि इस्माईलभाई घरी जाऊन सांगू शकले असते: त्या माणसानं मला फसवलं, हलीमा, मला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "कुठलं? निळं? अहो इस्माईलभाई, निळं कसं नेलंत? तुमच्यासाठी हिरवं म्हटलं होतं मी. निळं गणपतरावांचं."

ते न कळत तोंडून निघून गेलं, असं लिहायचं माझ्या मनात होतं. पण तसं नाही. ते बोलत होते तेवढा सगळा वेळ मी ते वाक्य जुळवत होतो. ते कबरीबद्दल सांगत होते आणि मी मनात निळं आणि हिरवं करत होतो.

इस्माईलभाईंनी कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हिरवं म्हणालात? म्हणाला असाल. माझं चित्तच ठिकाणावर नव्हतं त्या दिवशी." आणि वर, "माफ करा पंत. मी घरी उगाच तुमचं नाव घेतलं."

त्यांनी माझी माफी मागितली. मी — मी हात हलवून 'असू द्या' म्हणालो.

गणपतरावांनी दौतीचं बूच लावलं. दिवसभर ते कामापुरतंच बोलले. संध्याकाळी पगडी घालताना माझ्यापाशी थांबले. "दत्तोपंत," ते हळूच म्हणाले, "माझे कान अजून शाबूत आहेत." बस्स. त्यानंतर त्यांनी माझ्या हातून एकही पुस्तक घेतलं नाही. पण इस्माईलभाईंना त्यांनी का सांगितलं नाही? मला कधी कळलं नाही. तेव्हा मी त्यांचे मनातल्या मनात उपकार मानले. उपकार!

निळं पुस्तक इस्माईलभाईंनी रुमालात गुंडाळून परत दिलं. त्या रात्री नाही, त्या आठवड्यात नाही, पण परत करायच्या आधी मी ते पान शोधलं. शोधावं लागलं नाही. तिथं पानांच्या बेचक्यात तांदळाचा एक दाणा अडकला होता. मी तो झटकला आणि पुस्तक कपाटात ठेवलं. चिटणीस बरे झाले होते. म्हणाले, "याचा मधला भाग फार करुण आहे, नाही?" मी म्हणालो, फार.

हलीमाबी माहेरी निघून गेली, खाली रोह्याकडे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तेव्हा परतली. इस्माईलभाई एकदा मला म्हणाले, "तिला सांगतो, पुस्तकांची अदलाबदल झाली. हजारदा सांगितलं. तिला पटत नाय. आणि पंत, तुमाला सांगतो, सांगताना माझं मलाच ते खोटं वाटतं." खरी गोष्ट तिला पटली असती. तिच्यासारख्या बाईला लगेच पटली असती. माझं खोटं तिनं कधीच ओळखलं होतं, फक्त ते नवऱ्याच्या तोंडून आल्यामुळे तिनं त्यालाच खोटं धरलं. मी इस्माईलभाईंना म्हणालो, "वेळ जाऊ द्या. काळ हेच औषध." असली वाक्यं मला पुष्कळ यायची.

ते पडवीत येत राहिले. ऐकायचे, पण पुस्तक न्यायचे नाहीत. "माझा हात चुकतो," म्हणायचे. त्यांच्या घरी परत कधी वाचन झालं नाही. आणि मी? मी कर्जतला जात राहिलो, रुमाल आणत राहिलो, बोलत राहिलो. नवीन कारकून आले, त्यांना मी आवडती पुस्तकं सुचवली. ते मला मानायचे.

अशी वर्षं गेली. गणपतराव वारले. मी पेन्शन घेऊन कर्जतला राहायला आलो. मागच्या हिवाळ्यात खालापूरच्या एकानं बाजारात सांगितलं की इस्माईल मुकादम गेले, दमा होता. मी त्यांच्या चाळिसाव्या दिवसानंतर गेलो. आधी का नाही गेलो, ते विचारू नका.

हलीमाबी उंबऱ्याच्या आत उभी होती, पदर डोक्यावरून घेतलेला, केस पांढरे. मूल त्यांना पुन्हा झालं नव्हतं. इस्माईलभाईंचा पुतण्या माझ्यापाशी बसला होता, त्याला तिनं दुकानात साखर आणायला पाठवलं. मग म्हणाली, "पंत, तुमी यायची वाट बघत होते मी. एक विचारायचं हाय. तुमी तिथं होतात. अल्लाला स्मरून सांगा. ती पुस्तकं खरंच बदलली होती का?"

मी काय उत्तर देणार हे तुम्ही ओळखलं असेल. मला मात्र ते बोलेपर्यंत माहीत नव्हतं. मी खरं सांगायलाच गेलो होतो, असं वाटेत म्हणत होतो स्वतःशी. पुलाशी आलो तेव्हा म्हणत होतो. गावात शिरलो तेव्हाही.

मी म्हणालो, "हो. बदलली होती. मी हिरवं म्हटलं, त्यांनी निळं उचललं."

ती उंबऱ्यावर बसली. "म्हणजे ते खरं बोलत होते," ती म्हणाली. "जाताना सुद्धा बोलले. हलीमा, मी मुद्दाम नव्हतं वाचलं. मी भिंतीकडं तोंड केलं, पंत. त्यांना मरेस्तोवर खोटं धरलं मी." आणि मग ती रडली. मी तिथं समोर बसून ते पाहिलं. तेव्हाही सांगता आलं असतं. ती रडत होती, तेवढा वेळ होता. पुतण्या साखर घेऊन आला, चहा झाला. त्या घरात इतक्या वर्षांत मी कधी चहा घेतला नव्हता. का, ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी घेतला. तिला त्याचंही बरं वाटलं.

"तुमी आलात म्हणून मला कळलं," ती म्हणाली. "नायतर मी तशीच मेले असते." तिनं माझ्यासाठी, माझ्या मुलाबाळांसाठी दुआ मागितली. मी मान खाली घालून ती ऐकून घेतली.

इस्माईलभाईंनी मी सांगितलं तेच पुस्तक उचललं होतं. ते मी वाचलेलं नव्हतं. त्यांच्या हातून काहीही चुकलं नाही.

हलीमाबी अजून आहे, त्याच घरात. कर्जतहून खोपोलीला रोज गाडी जाते, पुढे तासाभराची वाट. मी पुन्हा गेलेलो नाही.